लिनक्स टाकल्यापासून ॲनिमेच्या काही फाइल्स अडकतात, सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात. परत विंडोजवर जाऊ का?

नका जाऊ. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, ब्राउझर, ऑफिसची कामं वगैरे सगळं झकास चालतं, पण ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) काही फाइल्स अडकत चालतात, तेव्हा पंखा जोरात घोंघावतो, आणि काही भागांत सबटायटलऐवजी रिकामे चौकोन येतात. तुमच्या प्रश्नातला 'काही' हा शब्द फार मोलाचा आहे. लॅपटॉप किंवा लिनक्सच बिघडलेलं असतं तर सगळ्याच फाइल्स अडकल्या असत्या. काही चालतात आणि काही नाही, म्हणजे फरक फाइल्समध्ये आहे. तो शोधता येतो, आणि बहुतेक वेळा दुरुस्तही करता येतो.

ॲनिमे आणि लिनक्स हे माझे रोजचे दोन छंद. लिनक्स मी जेवढं शिकलो त्यातलं निम्मं ॲनिमेच्या फाइल्समुळे शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. साध्या सिनेमाची फाइल यंत्राकडून फारसं काही मागत नाही. ॲनिमेची फाइल मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स ड्रायव्हर, फॉन्ट, पडद्याचा वेग या सगळ्यांची एकदम परीक्षा घेते. म्हणून जिथे कच्चा दुवा असेल तो ॲनिमे बघतानाच आधी दिसतो.

आता पहिलं काम. नेटवर सापडलेल्या कमांड टर्मिनलमध्ये चिकटवू नका, ड्रायव्हर बदलू नका, डिस्ट्रो (म्हणजे मिंटऐवजी लिनक्सचा दुसरा प्रकार) तर अजिबात बदलू नका. आधी प्लेयरलाच विचारा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एमपीव्ही नावाचा प्लेयर घ्या. मिंटसोबत येणारा सेल्युलॉइड आतून एमपीव्हीच आहे, पण तपासणीसाठी मूळ प्लेयर सोयीचा पडतो. अडकणारी फाइल त्यात लावा आणि कीबोर्डवरचं इंग्रजी 'आय' दाबा. डाव्या कोपऱ्यात मजकूर येईल. त्यात तीन गोष्टी बघायच्या: व्हिडिओ कुठल्या कोडेकमध्ये (आकसून साठवायच्या पद्धतीत) आहे, पिक्सेल फॉरमॅटच्या नावात 'पी' नंतर 10 आहे का, आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा (वेळेत न दाखवता गळलेल्या चित्रांचा) आकडा वाढत चाललाय का. शेजारी दुसऱ्या खिडकीत एचटॉप उघडून ठेवा, म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर भरून वाहताहेत की निवांत बसलेत तेही कळेल. मग नीट चालणारी फाइल लावून हेच सगळं पुन्हा बघा. दोन्हींमधला फरक कागदावर लिहिलात तरी अर्धं काम झालं.

माझा अंदाज असा की अडकणाऱ्या फाइल्समध्ये तुम्हाला तो 10 दिसेल.

हा 10 कुठून आला ते सांगतो, कारण ॲनिमेच्या बाबतीत ही खरोखर रंगतदार गोष्ट आहे. नेहमीच्या व्हिडिओत प्रत्येक रंगघटकाला 8 बिट असतात, म्हणजे 256 पायऱ्या. चेहऱ्यावरच्या, कापडावरच्या, झाडावरच्या बारीकसारीक पोतामुळे सिनेमात या पायऱ्या डोळ्यांना कळत नाहीत. ॲनिमेत मात्र संध्याकाळचं आकाश म्हणजे नारिंगीपासून जांभळ्यापर्यंत सलग उतरत गेलेला सपाट रंग. तिथे पायऱ्या लगेच उघड्या पडतात आणि आकाशात आडवे पट्टे दिसू लागतात. 10 बिट केलं की पायऱ्या 1024 होतात, पट्टे जवळपास नाहीसे होतात, वर फाइलही लहान होते. म्हणून 2011 च्या सुमारास ॲनिमेच्या फाइल्स बनवणारी हौशी मंडळी एच.264 या प्रचलित कोडेकच्या 10 बिट प्रकाराकडे वळली. अडचण एवढीच होती की टीव्ही, डिस्क प्लेयर, कॅमेरे यांपैकी घरात कुणालाच हा प्रकार लागत नव्हता, म्हणून ग्राफिक्स चिप बनवणाऱ्यांनी तो चिपमध्ये घातला नाही. तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो असण्याची शक्यता धरूच नका. ही फाइल लिनक्सवर काय, विंडोजवर काय, प्रोसेसरलाच सगळी उलगडावी लागते. पंखा फिरणारच.

पुढे एच.265 आलं तेव्हा 10 बिटला चिपमध्येही जागा मिळाली. इंटेलच्या कोअर मालिकेचा प्रोसेसर असेल तर मॉडेलच्या आकड्यावरून पिढी ओळखा. आय5-4200 म्हणजे चौथी, आय5-7200 म्हणजे सातवी. चौथ्या पिढीपर्यंत एच.265 साठी चिपकडून मदत मिळत नाही. सहाव्या पिढीत 8 बिटची मिळते, आणि सातवीपासून 10 बिटचीही. अलीकडे एव्ही1 या नव्या कोडेकमध्येही बऱ्याच फाइल्स येतात. त्याची सोय इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आहे, पण व्हिडिओलॅनवाल्यांचा डेव्हवनडी हा डीकोडर इतका सुंदर लिहिलेला आहे की बऱ्यापैकी जुन्या प्रोसेसरवरही एव्ही1 निभावून जातं.

तुमची पिढी सातवी किंवा पुढची असूनही एच.265 अडकत असेल, तर मात्र दोष जोडणीत आहे. एमपीव्ही चिपची मदत आपणहून घेत नाही. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि 'एच' दाबा. मदत सुरू होईल आणि पंखा मिनिटाभरात शांत होत गेलेला ऐकू येईल. कायमचं करायचं असेल तर एमपीव्हीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'एचडब्ल्यूडेक' समोर 'ऑटो-सेफ' लिहा. कंट्रोल-एच दाबूनही काहीच फरक पडला नाही, तर टर्मिनलमध्ये 'व्हीएइन्फो' चालवा. चिपला काय काय उलगडता येतं त्याची यादी तो देतो. यादीऐवजी एररची ओळ आली तर ड्रायव्हर बसलेला नाही. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे 'इंटेल मीडिया ड्रायव्हर' लागतो, त्याआधीच्यांना जुना 'आय965'. फेडोरा हा लिनक्सचा दुसरा प्रकार वापरणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो: पेटंटच्या कारणामुळे फेडोरानं 2022 मध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.264 आणि एच.265 ची ही सोय काढून टाकली. तिथे आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून 'फ्रीवर्ल्ड' नावाचं पॅकेज घ्यावं लागतं. मिंटवर ही भानगड नाही.

पिढी जुनी असेल आणि प्रोसेसर भरून वाहत असेल, तर त्या फाइलची 720पी आवृत्ती बघणं हाच शहाणपणा. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर फारसं काही हातचं जात नाही. पण प्रोसेसर निवांत आहे आणि तरी फ्रेम्स गळताहेत असं दिसलं, तर चित्र पडद्यावर रंगवणारी ग्राफिक्सची बाजू थकतेय. अशा वेळी एमपीव्हीला 'फास्ट' प्रोफाइल द्या.

आता चौकोन. हे माझं आवडतं दुखणं आहे.

ॲनिमेच्या फाइल्स बहुधा एमकेव्ही असतात. या प्रकारात व्हिडिओ, आवाज, सबटायटल यांच्याबरोबर फॉन्टही भरता येतात. आणि सबटायटल एएसएस या प्रकारातली असतात. त्यात नुसते संवाद नसतात. दुकानाच्या दारावरची जपानी पाटी कॅमेऱ्याबरोबर सरकतेय, तर तिचं भाषांतर त्याच तिरक्या कोनात, त्याच विटक्या रंगात, पाटीला चिकटून सरकत जातं. सुरुवातीच्या गाण्यात शब्द गायले जातील तसे एकेक उजळत जातात. हे काम कुणीतरी रात्री जागून, फ्रेमगणिक जागा बसवत केलेलं असतं, आणि लिनक्सवर लिबएएस ही लायब्ररी ते जसंच्या तसं उभं करते. मी कधी कधी फक्त पाट्या बघायला एखादं दृश्य परत लावतो.

आता यात ठरलेला फॉन्टच हाताशी नसेल आणि बदली फॉन्टमध्ये ते अक्षर नसेल, तर चौकोन येतो. ज्यांनी श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली जुनी मराठी फाइल दुसऱ्याच्या कंप्युटरवर उघडून बघितलीय त्यांना लगेच कळेल, पण एक भेद लक्षात ठेवा. तिथे इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसायची, चौकोन नव्हे. खिचडी दिसली तर मजकुराचं एन्कोडिंग चुकलंय, ती सबटायटल फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-8 मध्ये साठवा. चौकोन दिसला तर मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही.

फाइलमध्ये फॉन्ट भरलेत का ते एमकेव्हीटूलनिक्समध्ये उघडून बघा, अटॅचमेंट्सची यादी दिसते. असतील तर एमपीव्ही ते आपोआप वापरतो. नसतील, किंवा कुणी जागा वाचवायला फाइल एमपी4 मध्ये बदलली असेल, तर फॉन्ट वाटेतच गळालेले असतात. मग नोटो सान्स सीजेके बसवा. गूगल आणि अडोबीनं 2014 मध्ये मिळून काढलेला हा फॉन्ट जपानी, चिनी, कोरियन तिन्ही भागवतो आणि मिंटच्या भांडारातच मिळतो. शिवाय एरियल, टाइम्स हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट सबटायटलवाले सर्रास धरतात. त्यांचंही एक पॅकेज आहे, तेही घ्या.

सीजेके बसवल्यावर एखाद्याला वाटेल की काही कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) जराशी वेगळी दिसताहेत. तसं होतं. युनिकोडनं जपानी आणि चिनी अक्षरांना अनेक ठिकाणी एकच कोड दिलाय, आणि कुठलं वळण दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. आपल्याकडे मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' चं हिंदी फॉन्टमध्ये जे होतं तेच. फॉन्टकॉन्फिग या लिनक्सच्या फॉन्ट निवडणाऱ्या व्यवस्थेत जपानीला पहिला क्रम दिला की हे सुटतं.

कुणाला स्वतः मराठी सबटायटल करायची हौस असेल तर खुशाल करा. एजिसब हे त्याचं नेहमीचं साधन, लिनक्सवर चालतं. लिबएएस अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरते, त्यामुळे वेलांट्या आणि जोडाक्षरं बरोबर पडतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' हा फॉन्ट मला पडद्यावर फार वाचनीय वाटतो. फाइलमध्ये तो भरून द्यायला विसरू नका, नाहीतर बघणाऱ्याकडे पुन्हा चौकोन.

एक शेवटची शक्यता उरते. ड्रॉप्ड फ्रेम्स शून्य, प्रोसेसर गार, आणि तरीही चित्र अडकल्यासारखं वाटतं. याची दोन कारणं असू शकतात. ॲनिमे सेकंदाला सुमारे 24 फ्रेम्सचं (नेमकं 23.976), आणि तुमचा पडदा बहुधा 60 हर्ट्झचा. 60 ला 24 ने सरळ भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा आणि पुढची दोन वेळा दाखवली जाते. रंगवलेल्या डोंगरावरून कॅमेरा हळूहळू आडवा सरकतो तेव्हा हा हिसका बरोबर डोळ्यात भरतो. कॉन्फिगमध्ये 'व्हिडिओ-सिंक' समोर 'डिस्प्ले-रिसॅम्पल' लिहा आणि 'इंटरपोलेशन' चालू करा (हे फक्त शेजारच्या फ्रेम्स मिसळतं, नवी हालचाल रचत नाही), बराच फरक पडेल. त्यासाठी ग्राफिक्स चिपला थोडं जास्त काम पडतं, हे ध्यानात असू द्या.

दुसरं कारण कलेतलंच आहे. 1963 मध्ये जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शन या स्टुडिओनं दर आठवड्याला टीव्हीसाठी भाग द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून कमी चित्रांत काम भागवण्याची रीत पक्की झाली. एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. मागचं आकाश 24 च्या वेगानं सरकतंय आणि पुढचं पात्र आठच्या वेगानं हलतंय, असं एकाच दृश्यात दिसतं. मारामारीच्या ऐन क्षणी मग चित्रकार प्रत्येक फ्रेमला नवं चित्र देतो आणि अंगावर काटा येतो. हे दुरुस्त करायचं नसतं. टीव्हीतली किंवा प्लेयरमधली, मधल्या फ्रेम्स स्वतःहून रचणारी 'स्मूथ मोशन'ची सोय कृपा करून बंद ठेवा. चित्रकारानं मुद्दाम ठेवलेला थांबा ती पुसून टाकते.

किरकोळ दोन गोष्टी. ब्लूटूथ इयरफोनवर आवाज मागे पडत असेल तर कंट्रोल आणि अधिक-उणे चिन्हांनी एमपीव्हीत तो जुळवता येतो. आणि अधिकृत सेवांवर ब्राउझरमधून बघत असाल तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएमवाला (नकलेपासून कुलूपबंद केलेला) मजकूर चालवायची परवानगी द्या, नाहीतर काळा पडदा येईल.

एवढं करूनही अडलं तर तीन गोष्टी इथे लिहा: प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, 'आय' दाबल्यावर दिसणारी कोडेकची आणि पिक्सेल फॉरमॅटची ओळ, आणि व्हीएइन्फोनं यादी दिली की एरर. एवढ्यावर मी किंवा इथला दुसरा कुणीही तुम्हाला नेमकं पॅकेज सांगू शकेल.