नऊ नंबर कोण खेळतं?

कोल्हापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रात्री ढाक्याची भारत-बांगलादेश फुटबॉल मॅच संपली आणि पाच मिनिटांत तुझा मेसेज आला, "सर, आता तरी कोचला काढायला हवं की नको?" त्या रात्री मी उत्तर दिलं नाही. मलाही राग आला होता आणि रागाच्या भरात मी तुझीच री ओढली असती. बांगलादेशाकडून आपण २२ वर्षांनी हरलो. अकराव्या मिनिटाला गोल खाल्ला आणि उरलेल्या ऐंशी मिनिटांत एक गोल फेडता आला नाही. त्याआधी ऑक्टोबरात तू रात्रभर एसटीनं प्रवास करून सिंगापूरविरुद्धच्या मॅचला मडगावला गेलीस. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये बसून आपल्या छांगटेचा गोल पाहिलास आणि तासाभरानं २०२७चा आशिया कप हातातून गेलेलाही पाहिलास. एवढं सोसलेल्या माणसाला शांत राहायला सांगणं मला पटत नाही. रागव. फक्त तो राग कुठं लावायचा, याबद्दल मला थोडं लिहायचं आहे. तू आता तेरा वर्षांखालच्या मुलामुलींची बॅच घ्यायला लागली आहेस, म्हणून हा प्रश्न तुझ्यासाठी टीव्हीपुरता राहिलेला नाही.

आधी गोलांचा हिशेब मांडू. आशिया कपच्या या पात्रता फेरीत आपले पाच सामने झाले. शिलाँगला बांगलादेशाशी ०-०. हाँगकाँगमध्ये ०-१, तोही भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. सिंगापूरमध्ये १-१, फातोर्ड्यात सिंगापूरशीच १-२, ढाक्यात ०-१. पाच सामन्यांत दोन गोल. यातले पहिले दोन सामने मानोलो मार्केझ कोच असतानाचे आणि पुढचे तीन खालिद जमील यांचे. त्याच्या मागं जा. २०२४ या अख्ख्या वर्षात आपण अकरा सामने खेळलो, एकही जिंकला नाही आणि गोल केले चार. त्यातल्या जानेवारीत, कतारमधल्या आशिया कपात, ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध एकदाही जाळं हललं नाही. तेव्हा कोच होते इगोर स्टिमाच. जूनमध्ये त्यांना काढलं, जुलैत मार्केझ आले, वर्षभरात तेही गेले.

तिघांचे स्वभाव बघ. स्टिमाच १९९८च्या वर्ल्ड कपात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले, भावनेनं पेटणारे. मार्केझ स्पेनचे. हैदराबाद आणि गोव्याच्या संघांना त्यांनी देखणा पासिंगचा खेळ शिकवला होता. जमील आपल्या मुंबईच्या मैदानांवरचे. महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीला कमी पैशांत वर्षानुवर्षं वरच्या लीगमध्ये टिकवलं आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. तिघांची पद्धत वेगळी, भाषा वेगळी, आणि गोलांचा दुष्काळ मात्र एकच. विहीर तीन जणांनी पाहिली आणि तिघांनाही पाणी लागलं नाही, तर चौथा पाणाड्या बोलावण्याआधी जमिनीत काय आहे ते बघावं लागतं.

तुझ्या मित्रांच्या वादात एक प्रश्न कुणी विचारत नाही, असं तुझ्या मेसेजवरून वाटलं. भारताकडून जो नऊ नंबर, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढं उभा राहणारा सेंटर फॉरवर्ड, खेळतो, तो वर्षाचे बाकीचे महिने कुठल्या जागी खेळतो?

आयएसएल या आपल्या देशातल्या वरच्या लीगमध्ये क्लबला मैदानावर चार परदेशी खेळाडू उतरवता येतात. पैसे मोजून परदेशी आणायचा, तर क्लब तो गोल करण्यासाठीच आणतो. त्यात क्लबचं काही चुकतं असं मी म्हणत नाही, त्याला लीग जिंकायची असते. पण परिणाम बघ. २०१४ पासून आजवर आयएसएलचा सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळालेला नाही. मोहन बागानच्या आघाडीला मॅक्लारेन, कमिंग्ज, पेट्राटोस हे तिघे ऑस्ट्रेलियन. मनवीर सिंग मुळात सेंटर फॉरवर्ड, तो तिथं उजव्या कडेनं धावतो. मग देशाचा शर्ट घातला की त्याच पोराकडून दोन सेंटर बॅकच्या मधे उभं राहून, पाठीवर माणूस घेऊन, अर्ध्या सेकंदात गोल करायची अपेक्षा. गेल्या हंगामात भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त, चौदा गोल केले ते चाळिशीतल्या सुनील छेत्रीनं. २०२४च्या जूनमध्ये कोलकात्यात निरोप घेतलेल्या माणसाला नऊ महिन्यांत परत बोलवावं लागलं आणि मालदीवविरुद्ध आल्या आल्या त्यानंच गोल केला. मला त्या रात्री छेत्रीचं कौतुक वाटलं आणि पोटात खड्डाही पडला.

त्यात यंदा लीगच सुरू झालेली नाही. या महिन्यात व्यावसायिक हक्कांसाठी एकही बोली आली नाही. सुपर कप सोडला तर आपल्या फॉरवर्डला शनिवार-रविवारची मॅच नाही. गोल करणं ही सवय आहे, गवंड्याच्या हातासारखी. काम बंद राहिलं की हात जड होतो.

आता माझी एक गोष्ट. ती मी तुला कधी सांगितलेली नाही.

१९८९ साली मी पेठेतल्या एका संघाचा सेंटर फॉरवर्ड होतो. संघाचं नाव लिहीत नाही. शाहू स्टेडियमवर सलग तीन सामने आमचा गोल झाला नाही. आपल्याकडं तीन सामने म्हणजे काय ते तुला माहीत आहे. दूध आणायला गेलं तरी माणसं अडवतात. रात्री तालमीत बैठक बसली आणि कोचना काढायचं ठरलं. बैठकीत मी होतो. गोल का होत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. आमचा लेफ्ट हाफ फाउंड्रीत रात्रपाळी करून, दोन-तीन तास झोपून मॅचला यायचा. पूर्वार्धात कसाबसा धावायचा, उत्तरार्धात त्याचे पाय संपायचे. डावीकडून चेंडूच वर यायचा नाही. मी एकटा पुढं उभा राहायचो आणि संधी हुकवल्याचं खापर कोचच्या डोक्यावर फुटायचं. मी बोललो नाही. कोचवर बोट आहे तोवर माझ्यावर येत नाही, एवढंच त्या वयात कळत होतं. नवे कोच आले. पुढच्या दोन सामन्यांतही आमचा गोल झाला नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या कोचना घरी जाऊन मी हे सांगितलं. ते खूप आजारी होते. म्हणाले, "तू बोलला असतास तरी त्यांनी मला काढलंच असतं. पण त्या पोराची पाळी तरी बदलून मिळाली असती."

हे वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून कुणी 'कोच काढा' म्हटलं की मला आधी तो लेफ्ट हाफ आठवतो.

याचा अर्थ कोचला काही विचारायचंच नाही, असा घेऊ नकोस. जमील यांना मी दोन गोष्टी नक्की विचारीन. फातोर्ड्यात चौदाव्या मिनिटाला आघाडी मिळाल्यावर संघ हळूहळू मागं का सरकला? मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उइ-यंगनं बरोबरी केली आणि ५८व्या मिनिटाला त्यानंच दुसरा मारला. एकाच मधल्या खेळाडूला दोनदा एवढी मोकळीक कशी मिळाली? दुसरं असं की, ऑगस्टात काफा नेशन्स कपात ताजिकिस्तानला आपण २-१ हरवलं तेव्हा आपले दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे होते. लांब थ्रो, कॉर्नर, उंच चेंडू हे जमील यांचं जुनं हत्यार आणि ते चांगलं आहे. ओमानला टायब्रेकरवर हरवून आपण त्या स्पर्धेत तिसरे आलो, तेही खरं. पण आपल्यापेक्षा जास्त दबा धरून बसणारा संघ समोर आला, की चालत्या खेळातून त्याची फळी फोडायची कशी, याचं उत्तर ढाक्यात दिसलं नाही. हे प्रश्न नेमके आहेत. त्यांना उत्तर द्यावं लागतं. 'काढा' या शब्दाला कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

रहीमसाहेबांचं नाव तू ऐकलं आहेस, पण १९५२ची गोष्ट तुझ्या पिढीला फारशी कुणी सांगत नाही. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ हरवलं. दहा गोल! आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. कोच होते सय्यद अब्दुल रहीम. आजच्यासारखं वातावरण असतं तर त्यांचं विमान उतरायच्या आत राजीनामा मागितला गेला असता. ते राहिले. युरोपातले संघ कसे उभे राहतात, सेंटर फॉरवर्डला थोडं मागं ओढून बचाव कसा हलवायचा, याचा त्यांनी अभ्यास केला. खेळाडूंच्या पायात बूट आले. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२ हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे. घराणं गोव्याचं, खेळ मुंबईत टाटांच्या संघाकडून. ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तो नऊ नंबर मुंबईच्या मैदानात दर आठवड्याला नऊ नंबरच खेळत होता, हे विसरू नकोस.

रहीमसाहेबांकडंही पुढं अडचण आलीच. १९६२ला जकार्त्यात, आशियाई स्पर्धेत, जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. बचावातला तो पहाडासारखा माणूस, त्याला त्यांनी सेंटर फॉरवर्ड केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध दुसरा गोल त्याचाच, आणि सुवर्णपदक आपलं. तेव्हा साहेबांना कॅन्सरनं गाठलं होतं, पुढच्या वर्षी ते गेले. त्या सामन्याबद्दल बोलताना आजही माझा गळा दाटतो.

आता तुझं काम. मार्चमध्ये हाँगकाँगशी सामना बाकी आहे. निकाल काहीही लागला तरी आपण बाहेरच आहोत, म्हणून तो नीट बघ. जवळ वही ठेव. चेंडू समोरच्या डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या चौकोनात, शिरला की एक रेघ मार. तेव्हा आपले किती जण डीमध्ये होते तो आकडा रेघेशेजारी लिही. एक असेल तर एक. क्रॉस येताना जवळच्या पोस्टकडं कोण धावला, लांबच्या पोस्टवर कोण पोचला, आणि बाहेर पडणाऱ्या चेंडूवर कुणी होतं का, एवढंच बघ. गोल हुकला की आपण मारणाऱ्याचं तोंड बघतो. तू न धावलेल्या माणसाकडं बघ. माझा अंदाज आहे की तुझ्या वहीत 'एक' हा आकडा सगळ्यात जास्त वेळा येईल. तो का येतो, हाफ भीतीनं थांबतात की त्यांना थांबायला सांगितलेलं असतं, हे तू मला लिहून कळव. त्यावर आपण भांडू. ते भांडण मला आवडेल.

आणि तुझ्या पोरांबद्दल. तू मागं लिहिलं होतंस की उंच पोराला पुढं ठेवतेस आणि बाकीचे त्याला चेंडू देतात. पुढच्या महिन्यापासून ते बंद कर. तेराव्या वर्षी सगळ्यांना सगळ्या जागा खेळू दे. चार विरुद्ध चार, लहान मैदान, दोन्हीकडं गोल, म्हणजे प्रत्येकाला मिनिटाला एकदा तरी गोलासमोर उभं राहावं लागेल. गोलाकडं पाठ असताना चेंडू घेऊन वळणं हे रोज दहा मिनिटं, दोन्ही पायांनी. चुकलं तर शिट्टी मारू नकोस, पुन्हा करू दे. बाजूनं आईबाप 'पास दे, पास दे' ओरडतील, त्यांना चहा पाजून समजाव. डीमध्ये पोरानं स्वतः मारायचं ठरवलं आणि बाहेर गेलं, तर त्याला ओरडायचं नाही, हा नियम तू स्वतःसाठी लिहून ठेव. आपल्याकडं गोल करायची हिंमत बारा-तेराव्या वर्षीच मारली जाते, असं माझं तीस वर्षांच्या शिकवण्यावरून झालेलं मत आहे.

हरल्यावर कुणीतरी तुलाही बदला म्हणेल. आपल्या गावात तर लवकरच म्हणतील. तेव्हा मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

ऑक्टोबरात तू मडगावहून परतलीस आणि आठवड्यानं त्याच फातोर्ड्यावर सौदीच्या अल-नस्रविरुद्ध ब्रायसन फर्नांडिसनं गोल केला. गोव्याचा पोरगा. एफसी गोवा १-२ हरली, पण तो गोल मी चारदा पाहिला. तूही बघ, आणि पास येण्याआधी त्याचे पाय कुठल्या दिशेला आहेत ते सांग.

तुझ्या बॅचमधली ती डावखुरी मुलगी, जी पायात शाळेचे कॅनव्हास घालून येते, तिला बूट मिळाले का? नसतील तर नंबर कळव. माझ्याकडं कपाटात दोन जोड पडून आहेत. रविवारी सकाळी साडेसहाला मी मैदानावर येतोच आहे, सोबत आणतो.

तुझे,
सर