विक्रेता समोर बसला की 'नाही' म्हणवत नाही. हे लोक नेमकं काय करतात आणि त्यातून सुटायचं कसं?

माझीही गत तुमच्यासारखीच होती. 2017 मध्ये एका मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी भरली. चार दिवसांनी फोन आला, 'मॅडम, तुमचा नंबर लागलाय. गिफ्ट न्यायला या, पण सरांना घेऊनच या हं.' गिफ्ट म्हणजे कॅसरोलचा सेट. तो घेऊन घरी आलो तेव्हा एका हॉलिडे क्लबची मेंबरशिप गळ्यात पडली होती आणि नवऱ्याच्या कार्डावरून पहिले 35 हजार गेले होते. ते काही परत मिळाले नाहीत. त्या कॅसरोलला आमच्याकडे अजून 'पस्तीस हजारी' म्हणतात.

'सरांना घेऊनच या' हे अगत्य नव्हतं, हे खूप उशिरा कळलं. एकटी असते तर 'घरी विचारून सांगते' म्हणून उठले असते. दोघंही तिथेच बसलेली, मग विचारणार कुणाला?

समोर बसलेला विक्रेता मुलगा गोड होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने आधी एक कागद पुढे केला. वर्षातून कितीदा फिरायला जाता, मुलांना वेळ द्यायला हवा असं वाटतं का, वगैरे. उत्तरं आम्हीच लिहायची. तासाभराने आमची चुळबूळ सुरू झाल्यावर त्याने तोच कागद आमच्याकडे फिरवला: 'मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?' स्वतःचं अक्षर खोटं पाडायला जीभ रेटत नाही हो.

यावर अमेरिकेत फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांचा 1966 सालचा प्रयोग आहे. 'गाडी जपून चालवा' असा मोठा बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असं लोकांना विचारलं. जेमतेम 17 टक्के हो म्हणाले. पण ज्यांना दोनएक आठवडे आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावायची विनंती केली होती, त्यांच्यातले 76 टक्के तयार झाले. आमचा कागद म्हणजे ती छोटी पाटी.

मग किंमत. आधी 4 लाख 80 हजार, मग 'मॅनेजर सर' येऊन 2 लाख 90 हजार, तेही फक्त आज. 1 लाख 90 हजार वाचले एवढंच डोक्यात घोळत राहिलं. मागे दर दहा मिनिटांनी कुणीतरी 'घेतलं' म्हणून टाळ्या पडत होत्या.

हे सगळं आता मला पाठ आहे, पण नुसतं माहीत असून भागत नाही. आपण अडकतो ते भिडेपोटी. पोराने दीड तास घसा कोरडा केला, चहा पाजला, आता तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून आपण कारणं सांगतो. तिथेच फसतो. 'पैसे नाहीत' म्हटलं की हप्ते निघतात, 'वेळ नाही' म्हटलं की मुदत वाढते. प्रत्येक कारणावर त्याचं उत्तर पाठ असतं.

मी आता एकच वाक्य वापरते: 'आमच्यात त्याच दिवशी पैसे द्यायची पद्धत नाही.' पद्धतीशी आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. आणि ते खोटंही नाही, त्या कॅसरोलनंतर खरंच पद्धत पाडली.

आयुर्विमा आणि आरोग्य विम्याचं थोडं वेगळं. तिथे सही झाली असली तरी पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होते एवढंच. ऑनलाइन 'शेवटचे 2 शिल्लक' असली खोटी घाई करणं तर केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत चुकीचं ठरवलंय. तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करा.

परवा वॉटर प्युरिफायरवाला आला. दोन ग्लासांत लोखंडी कांड्या घालून वीज सोडली. आमचं नळाचं पाणी बघता बघता तांबूस गढूळ झालं, त्याचं स्वच्छ राहिलं. सासूबाई हबकल्याच. खरं तर तो रंग कांड्यांच्या गंजाचा. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, त्याच्या पाण्यात ते जवळपास नसतात. मी वाद घातला नाही, पद्धत सांगितली. त्याने सामान आवरलं आणि उन्हाचा आला होता म्हणून प्यायला पाणी मागितलं. मी माठातलं दिलं, नळाचंच. दोन तांबे प्यायला.