गाडीने कॅम्पिंगला जाताना हत्यारं कशी ठेवावीत? गंजू नयेत म्हणून काय करावं? टूलबॉक्स कोणता घ्यावा?

टूलबॉक्सवरूनच माझं आणि माझ्या साडूचं तीन वर्षं वाकडं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

त्या वर्षी डिसेंबरात आम्ही दोन्ही घरं कोकणात केळशीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तंबू, शेगडी, पोरं, सगळं एका बोलेरोत. हत्यारांचं खातं साडूकडे. त्याने नवा लाल प्लास्टिकचा डबा घेतलेला, झाकणाला रबर, आत प्रत्येक पान्याला वेगळी खाच. माझ्याकडे वडिलांची कॅनव्हासची गुंडाळी. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ती बघून साडू म्हणाला, "साडूभाऊ, हे बोचकं घरीच राहू दे." बायकोकडे बघून मी गप्प बसलो. चुकलंच.

संध्याकाळी गाडी वाळूत रुतली आणि भरती चढायला लागली. फावडं कुठे? तर सगळ्यात खाली. दोन गाद्या, तांदळाचा डबा, आइसबॉक्स उतरवल्यावर ते हाताला लागलं. घडीचं फावडं, आणि घडी उघडेना, कारण नटाला गंज. तो सोडवायला लाल डबा उघडला, तर पकडीचे जबडे एकमेकांना चिकटलेले. जुलैत भंडारदऱ्याहून आल्यावर पठ्ठ्याने हत्यारं धुऊन ओलीच आत ठेवली होती. साडू आजही म्हणतो, डबा हवाबंद होता म्हणून गंज कमी चढला. अहो, ओल आत कोंडली म्हणूनच चढला! शेवटी गावातले एक काका घरचं फावडं घेऊन आले, म्हणाले आधी हवा सोडा. किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबून चारी टायर अंदाजे १५-१६ पीएसआयवर आणले, चाकांपुढची वाळू ओढली, तेव्हा गाडी हलली. पाणी दहा पावलांवर होतं.

तर डबा कुठलाही घ्या. परत आलात की त्याच दिवशी हत्यारं गोड्या पाण्याने पुसा, उन्हात कडक वाळवा, मग तेलाचा बोळा फिरवा. डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मारला की झालं, असं साडूचं मत. त्यातला डब्ल्यूडी म्हणजेच 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. जाम नट सोडवायला उत्तम. पण चार महिने पडून राहणाऱ्या पान्यांना मी इंजिन ऑइलच लावतो. कोयत्याला मात्र खोबरेल, कारण त्याच कोयत्याने शहाळं सोलतो. शेंगदाण्याचं तेल नको, चिकट होऊन बसतं. कुऱ्हाडीचा दांडा हलत असेल तर पाण्यात भिजवू नका, सुकला की परत ढिला होतो. नवी पाचर ठोका.

आणि फावडं, चाकाचा पाना, जॅक हे सामानाच्या वर, मागचं दार उघडताच हाताशी. त्याने गाडी नीटनेटकी दिसत नाही म्हणे. न दिसो.

हां, किनाऱ्यावर गाडी घालूच नका, बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि त्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आम्ही गाडी घातली ती चूकच, आणि ती माझी. चालवत मी होतो. साडू हे दर दिवाळीला काढतो. आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला जवसाचं तेल लावलंत तर तो बोळा चुरगाळून गाडीत टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

लाल डबा अजून साडूकडेच आहे. त्यात तो आता कांदे-बटाटे ठेवतो, झाकण उघडं टाकून.