उभी गाडी गरम होते तेव्हा

मित्रा, हायवेवर तापमानाचा काटा मध्यावर आणि सिग्नलला थांबलं की वर, हे तुझ्या निरोपात वाचताच माझा पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर गेला. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारी झडप, बदलायची घाई करू नकोस.

आयडलला, म्हणजे गाडी उभी पण इंजिन सुरू असताना, इंजिन साधारण ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) फिरतं. वॉटर पंप बेल्टवरचा असेल तर तोही त्याच हिशेबात हळू फिरतो, पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, फिरत राहतं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणून कूलंट ब्लॉक, हेड आणि हीटरच्या छोट्या फेरीतच घुमतं. साधारण ८२ ते ९० अंशांना तो उघडायला लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. चालत्या गाडीत समोरचा वारा ते थंड करतो. उभ्या गाडीला वारा कुठला? सगळी भिस्त फॅनवर.

सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघ. मग मोकळ्या जागेत, एसी बंद ठेवून, गाडी सुरू ठेव. काटा मध्याच्या वर सरकला तरी फॅन लागला नाही, तर लगेच इंजिन बंद कर आणि फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर तपासून घे. फॅन जोरात फिरूनही तापतेय? मग रेडिएटरच्या जाळीतली धूळ बघ, नाहीतर कूलंटमध्ये हवा अडकली असेल.

आणि कळकळीने सांगतो, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. आतलं कूलंट दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. माझ्या मनगटावरचा डाग अजून गेलेला नाही.