पक्ष्यांच्या दांड्या: फांदी कोणती, बोल्ट कुठला, पावसाळ्यात काय?

पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी सुरू झाली की पिंजऱ्यात फांदी लावण्याबद्दलची पत्रे येऊ लागतात. या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

आमच्याकडे दोन बजी (बजरीगर, छोटे पोपट) आहेत. पिंजऱ्यासोबत प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या आल्या. एका पक्ष्याचे तळवे लालसर दिसू लागलेत. दुकानदाराने दांडीवर चढवायला पॉलिश पेपरच्या खोळी दिल्या. त्या चढवाव्यात, की फांदी लावावी? फांदी लावली तर किती जाडीची?
— घोडबंदर रोड, ठाणे

खोळी परत करा. त्याने नखे घासली जातात असे सांगतात, पण दांडीवर टेकतो तो तळवा, नखांची टोके नव्हेत. त्यामुळे नखे वाढतच राहतात आणि तळव्याची कातडी सोलवटते.

तळवे लाल होतात ते दांडी सगळीकडे एकाच जाडीची असल्यामुळे. पक्षी झोपतोसुद्धा उभ्यानेच. दिवसरात्र भार त्याच दोन-चार ठिकाणी पडत राहिला की तिथली कातडी आधी गुळगुळीत आणि लाल होते, मग जाड होते, शेवटी फुटते आणि आत जंतू शिरतात. फांदी कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठीची असते, त्यामुळे पाऊल जागा बदलत राहते. फांदीचा खरा फायदा हाच. म्हणून घासून एकसारखी गोल केलेली ‘नैसर्गिक’ दांडी विकत घेण्यात अर्थ नाही.

जाडीचा अंदाज पावलावरून घ्या. बोटांनी फांदीच्या घेराचा साधारण दोन-तृतीयांश भाग धरला पाहिजे. पुढची आणि मागची नखे एकमेकांना भिडली तर फांदी बारीक आहे, बोटे नुसती वर पसरून राहिली तर जाड आहे. बजीला १२ ते २० मिमी, लव्हबर्डलाही तेवढीच, कॉकटीलला (तुरेवाला पोपट) १५ ते २५, फिंचला (चिमणीसारखा छोटा पक्षी) ८ ते १२ मिमी. व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) नसेल तर फांदीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. म्हणजे बजीसाठी घेर ३८ ते ६३ मिमीच्या दरम्यान यायला हवा. एकाच फांदीवर ही सगळी जाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर वेगवेगळ्या जाडीच्या तीन दांड्या लावा.

आहाराकडेही बघा. नुसत्या राळ्यावर ठेवलेल्या बजीला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्याने तळव्याची कातडी कमकुवत होते. गाजराचा कीस, लाल भोपळा, शेवग्याचा पाला रोज थोडा द्या. खपली, सूज किंवा काळा ठिपका दिसला तर मात्र दांडी बदलून भागणार नाही. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

मे महिन्यात आमच्या सेक्टरमध्ये छाटणी होते आणि फांद्यांचे ढीग रस्त्यावर पडलेले असतात. त्यातल्या घेतल्या तर चालतील का? विषारी झाडे कशी ओळखायची?
— ऐरोली

घेता येतील, पण छाटणीच्या दिवशीच, ढिगाच्या वरच्या भागातल्या, आणि झाड ओळखता येत असेल तरच. दोन दिवस फुटपाथवर पडलेल्या फांदीवर उंदीर-घुशी आणि कुत्री मुतून गेलेली असतात. झाडाची ओळख पटत नसेल तर फांदी तिथेच राहू द्या. पाने गळाल्यावर भलेभले चुकतात, म्हणून पाने असलेली फांदी उचला आणि घरी नेऊन पाने काढा.

आमची पहिली पसंती पेरूला. लाकूड घट्ट, फांद्या वेड्यावाकड्या, साल सोलायला पक्ष्यांना आवडते, आणि बोल्ट घट्ट धरून ठेवते. जांभूळ, तुती, कडुनिंब, चिंच, बोर हीही चांगली, फक्त बोरीचे काटे मुळापासून तासून काढा. कढीपत्ता आणि जास्वंदीच्या काड्या फिंचच्या मापाच्या असतात. शेवगा बिनविषारी आहे, पण त्याचे लाकूड भुसभुशीत. त्यात बोल्ट टिकत नाही आणि कॉकटील त्याचा लवकरच भुगा करतो. तो दांडी म्हणून न लावता कुरतडायला द्या.

नको ती झाडे तुमच्या आजूबाजूलाच आहेत. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) यांच्या लाकडातही हृदयावर परिणाम करणारे विष असते. वाळवून, भाजून ते जात नाही. चाफा, सातवीण, रुई, शेर, एरंड, घाणेरी यांनाही हात लावू नका. सुबाभूळ टाळा. आंब्याच्या चिकाने माणसाची कातडीही भाजते, त्यामुळे तोही आम्ही सुचवत नाही. वड, उंबर तेवढे धोक्याचे नाहीत, पण त्यांचा चीक पंखांना चिकटतो. तुम्ही खाडीजवळ राहता म्हणून मुद्दाम सांगतो: खारफुटीतली फांदी आणू नका. ती तोडणे बेकायदा आहेच, शिवाय ठाणे खाडीच्या खारफुटीत गेवा असतो आणि त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते.

रस्त्यावरच्या किंवा सोसायटीतल्या उभ्या झाडावर स्वतः कोयता चालवू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

खरे तर झाडाच्या जातीपेक्षा फवारणीने जास्त घात होतो. सोसायटीच्या पेरूवर पिठ्या ढेकणासाठी औषध मारलेले असते आणि पेरू ‘सुरक्षित’ म्हणून आपण निर्धास्त. फांदी घेण्याआधी माळ्याला दोनच गोष्टी विचारा: काय मारले आणि कधी मारले. उत्तर नीट मिळाले नाही तर ती फांदी सोडून द्या.

फांदी डेटॉलच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवली. एवढे पुरे का? ओव्हनमध्ये भाजावी असेही ऐकले.
— खारघर

डेटॉल आणि फिनाईल दोन्ही नकोत. त्यातली द्रव्ये लाकडात मुरतात आणि पक्षी तेच लाकूड चघळतो. ती फांदी टाकून द्या.

नव्या फांदीची पाने, सुटलेली साल, शेवाळ काढा. नळाखाली कडक ब्रशने किंवा काथ्याने घासा. कावळ्या-कबुतरांची वाळलेली विष्ठा गाठींच्या खोबणीत बसते, तिथे जुना टूथब्रश वापरा. मग १ लिटर पाण्यात १०० मिली साधे घरगुती ब्लीच (सुगंध न मिसळलेले) घालून फांदी १० ते १५ मिनिटे बुडवून ठेवा. नंतर धुवा, तासभर साध्या पाण्यात ठेवा, पुन्हा धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हे काम पक्ष्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवून करा. वाळल्यावर नाकाशी धरून बघा. ब्लीचचा वास जराही येत असेल तर आणखी दोन दिवस ऊन.

भाजायचे ते वाळल्यानंतर. ओली फांदी थेट ओटीजीमध्ये (घरगुती ओव्हनमध्ये) घातली की आतली वाफ वाट काढते आणि लांबीत चीर जाते. २० मिमी जाडीला १०० ते ११० अंशांवर ४५ मिनिटे पुरतात. समोर उभे राहा. मायक्रोवेव्ह वापरू नका, गाठीपाशी जळते. ट्रे नॉन-स्टिक नको: ते लेपण फार तापले की निघणारा धूर माणसाला जाणवण्याआधी पक्ष्याला मारतो. भाजताना पिंजरा दुसऱ्या खोलीत आणि मधले दार बंद. ओव्हन नसेल तर फांदीवर सगळीकडून उकळते पाणी ओता आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवा. एप्रिल-मेमध्ये एवढे पुरते.

वार्निशचा एक हात दिला तर साफ करायला सोपे जाईल का?
— कळवा

नाही. वार्निश, पॉलिश, ऑइलपेंट काहीच लावू नका. साल जशी आहे तशीच ठेवा.

दोन वेळा पेरूची फांदी बोल्ट घालताना उभी फाटली. जाडी १६–१७ मिमी. काय चुकतेय? आणि बोल्ट नक्की कोणता मागायचा?
— वाशी

फांदी ओली होती, बोल्ट जाड होता, किंवा भोक बारीक पडले. बहुतेक वेळा तिन्ही एकदम घडलेले असते.

ओले लाकूड वाळताना आक्रसते. आत पोलाद बसवलेले असेल तर लाकूड आक्रसणार, पोलाद नाही, म्हणून चीर जाते. या जाडीची फांदी सावलीत, वारा लागेल अशी टांगून तीन-चार आठवडे ठेवा. लवकर वाळावी म्हणून पहिल्या दिवसापासून उन्हात टाकली की टोके तडकतात. काही झाले तरी टोकांना थोड्या चिरा पडणारच, त्यामुळे कापतानाच दोन्हीकडे ५ सेंमी जादा ठेवा आणि वाळल्यावर तेवढे छाटा. (ओव्हनची पाळी त्यानंतर.)

बोल्टची जाडी फांदीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको. २० मिमीला एम६ (६ मिमी जाडीचा) चालतो. तुमच्या १६–१७ मिमीला एम५ घ्या. १५ मिमीच्या खाली बोल्टच्या भानगडीत पडू नका, टोकांना खाच पाडा. दुकानात ‘हँगर बोल्ट’ मागा: एका बाजूला लाकडाच्या स्क्रूसारखे आटे, दुसऱ्या बाजूला नटाचे. एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) घ्या, सोबत तसाच विंग नट आणि २५ मिमी किंवा मोठे दोन वॉशर. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे हमखास जस्ताचा मुलामा दिलेले मिळतात. ते स्वस्त असतात, पण जस्त चाटून-कुरतडून पोटात गेले की विषबाधा होते. खिशात लोहचुंबक ठेवा: घट्ट चिकटला तर ते एसएस ३०४ नाही. रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात एसएस फास्टनरची दुकाने शोधा.

आता भोक. फांदीचे टोक काटकोनात कापा, तिरके कापले तर दांडी पिंजऱ्यात खाली लोंबते. मधोमध, म्हणजे गाभ्यावर, खिळ्याने खूण करा. फांदी शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये धरा, हातात धरून ड्रिल मारू नका. आधी २ मिमीच्या बिटने सरळ वाट करून घ्या. मग एम५ ला ३.५ ते ४ मिमी आणि एम६ ला ४.५ मिमीचे बिट. पेरूसारख्या घट्ट लाकडात यातला मोठा आकडा पाळा. खोली लाकडी आट्यांच्या लांबीपेक्षा ३ ते ५ मिमी जास्त हवी, कमी पडली तर बोल्टचे टोक तळाशी टेकून पाचरीसारखे काम करते. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. बोल्ट पकडीने फिरवू नका, आटे खराब होतात. नटाच्या बाजूला दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा आणि वरच्या नटाला पाना लावा. आट्यांना कोरड्या साबणाची वडी घासली की बोल्ट सहज सरकतो. तेल-ग्रीस नको.

एक वॉशर तारांच्या आतून, एक बाहेरून, आणि विंग नट कायम बाहेर. एका टोकावर टांगलेली दांडी बजीसाठी २० ते २५ सेंमीपेक्षा लांब ठेवू नका, तारा वाकतात.

खाचेच्या दांडीसाठी फांदी पिंजऱ्याच्या आतल्या मापापेक्षा १० ते १२ मिमी लांब कापा. दोन्ही टोकांना बारीक करवतीने ८ मिमी खोल खाच पाडा, रुंदी तारेपेक्षा १ मिमी जास्त. उभी तार खाचेत बसते, दांडी आडव्या तारेवर टेकते. वाकड्या फांदीच्या दोन्ही खाचा एका रेषेत येत नाहीत आणि दांडी गोल फिरते. म्हणून आधी एकच खाच पाडा, फांदी पिंजऱ्यात धरून तिचा पोटाचा भाग खाली येऊ द्या, आणि मग दुसरीची खूण करा.

घरी साधा हिरवा पोपट आहे. त्याला किती जाडीची फांदी लागेल?
— कोपरी, ठाणे

जाडी सांगत नाही. आपला देशी पोपट पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतःहून उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर अन्न शोधता येत नाही आणि कावळे त्याला टोचतात.

कॉकटीलला पेरूची नवी दांडी लावली, तर तो दिवसभर कोपऱ्यात फुत्कारत बसला. सवय कशी लावू?
— नेरूळ

जुनी दांडी काढली असेल तर आधी ती परत लावा. नवी फांदी चार-पाच दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी ठेवा. मग आत खालच्या बाजूला लावा आणि तिच्या टोकाला राळ्याचे कणीस बांधा. तो आपणहून बसू लागला की दांडी वर सरकवा. रात्री पक्षी सर्वांत उंच दांडीवरच जातो, म्हणून सगळ्यात चांगली फांदी तिथे. कॉकटीलची शेपटी लांब असते, त्यामुळे मागच्या तारांपासून १५ सेंमी तरी अंतर ठेवा. पाण्या-दाण्याच्या वाट्या कुठल्याच दांडीखाली नकोत. नखे झिजवायची सिमेंटची दांडी लावायचीच असेल तर एकच, वाटीजवळ, झोपायच्या जागी नाही.

पावसाळ्यात दांड्यांवर पांढरट-हिरवी बुरशी येते. शिवाय एका दांडीखाली पिठासारखी पावडर पडते. काय करू?
— बेलापूर

बुरशी आलेली दांडी घासून पुन्हा लावू नका, फेकाच. पक्ष्यांची फुप्फुसे बुरशीला लवकर बळी पडतात आणि तो आजार बरा करणे अवघड असते. जुलै-ऑगस्टमध्ये दांड्या पाण्याने धुणे बंद करा, धुतलेले लाकूड त्या हवेत वाळत नाही. विष्ठा वाळू द्या आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा पत्र्याने खरवडून काढा, हे काम पिंजऱ्याबाहेर. दांड्यांचे दोन संच ठेवा, दर आठवड्याला बदला आणि काढलेला संच पंख्याखाली ठेवा. लाकूड फुगल्याने विंग नटही सैल-घट्ट होतात, संच बदलताना तपासा.

पावडर म्हणजे लाकडात भुंगेरा आहे. १ ते २ मिमीची गोल भोके दिसतील. बांबूला हे फार होते. दांडी मोलाची वाटत असेल तर बोल्ट काढून वर दिलेल्या तापमानात भाजा, आतले किडे मरतात. वाळवीचे औषध अजिबात लावू नका. भोके दहा-बाराच्या वर गेली असतील तर लाकूड आतून पोकळ झालेले असते. अशा दांडीच्या चिरेत नख अडकून बोट मोडते, तेव्हा ती भाजत बसू नका, बदला. नव्या फांद्या मात्र ऑक्टोबरच्या उन्हातच करायला घ्या.