क्रॉस-ब्राउझर टेस्टिंगसाठी (साइट वेगवेगळ्या ब्राउझरवर आणि फोनवर नीट चालते का ते बघायला) क्लाउड (नेटवरून भाड्याने वापरायचे फोन आणि ब्राउझर) घ्यावं की ऑफिसात चार-पाच फोन ठेवून भागतं? आणि टेस्ट आपोआप चालवायला सेलेनियम शिकू की प्लेराइट?

नाही भागत. "चार-पाच फोन पुरेत" हे तुमच्या मॅनेजरचं म्हणणं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

मी 2012 पासून टेस्टिंग करते. आधी अंधेरीला एमआयडीसीत होते, आता पवईत. पहिल्या कंपनीत असाच एक ड्रॉवर होता. सात फोन, एक चावी, आणि चावी ज्याच्याकडे तो नेमका रजेवर. कायम चार्जिंगला लावून ठेवल्यामुळे दोन फोनांच्या बॅटऱ्या फुगल्या, एकाची स्क्रीन तर डब्याच्या झाकणासारखी वर आली. एका रात्रीत अपडेट पडलं आणि जुन्या अँड्रॉइडचा आमच्याकडचा एकुलता एक फोन सकाळी नवा होऊन बसला. आता तो बग कुठे बघणार? तर ड्रॉवर हे उत्तर नाही.

पण क्लाउड घेऊनही आमचं हसं झालंच. तेच सांगायला बसलेय.

2023 ची गोष्ट. आमचं प्रॉडक्ट म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स ऑनलाइन भरायची साइट. क्लाउडचं सबस्क्रिप्शन होतं, एका वेळी पाच सेशन, म्हणजे पाच टेस्ट, चालायची. 180 टेस्ट, प्रत्येकीला साधारण दोन मिनिटं, आणि यादीत पाच नग: क्रोम, फायरफॉक्स, एज, एक नवा अँड्रॉइड, एक नवा आयफोन. रात्री एकला रन लावला की सकाळी सातला संपायचा. मी जुलैत म्हटलं, आयओएस 15 चा एक फोन यादीत टाकू या. लीड म्हणाला, सहावा नग आला की रन सव्वाआठपर्यंत जाईल, सकाळच्या कॉलच्या आधी रिपोर्ट हाती पडणार नाही. आणि वर, "आयफोनवाले अपडेट करतात गं, ते काय अँड्रॉइड आहे का?"

अपडेट करतात हे खरंय. पण फोन करू देईल तोवरच. आयफोन 7 आयओएस 15 वर थांबला, त्याला 16 मिळालंच नाही. आणि मुंबईत आयफोन 7 कोणाकडे असतो? मुलाने नवा घेतला की जुना आईकडे जातो. त्या आया सोसायटीच्या कमिटीवर असतात.

माझी मावशी मुलुंडच्या एका सोसायटीची खजिनदार आहे. त्या वर्षी चतुर्थी 19 सप्टेंबरला, मंगळवारी होती आणि आमचं रिलीज आदल्या शुक्रवारी झालं होतं. मी दर्शनाला गेले तर मावशी एका हाताने मोदक वळतेय आणि दुसऱ्या हाताने, तांदळाची पिठी लागलेल्या बोटाने, फोन माझ्यासमोर धरतेय. "बघ तुमची साइट. तीन दिवस नुसतं पांढरंफटक. वर्गणी कोणी कोणी भरली तेही दिसत नाही." पांढरंफटक म्हणजे खरंच पांढरंफटक. लोगो नाही, गोल फिरणारं चक्र नाही, काही नाही.

तिने सपोर्टला कळवलं होतं. त्यांनी कॅशे साफ करायला सांगितला, मग क्रोममध्ये उघडायला सांगितलं. तिने दोन्ही केलं. आयफोनवरचा क्रोम वरून क्रोम, आतून सफारीचंच वेबकिट इंजिन (पान वाचून दाखवणारा भाग). ॲपलचा नियमच तसा होता. म्हणजे तिला एका पांढऱ्या पानावरून दुसऱ्या पांढऱ्या पानावर पाठवलं होतं.

माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप. आयफोनच्या सफारीतली एरर बघायची तर केबल लावायला मॅक लागतो. मग ओट्याच्या कडेला लॅपटॉप टेकवून क्लाउडवर आयओएस 15 चा खरा फोन उघडला आणि त्यात आमची साइट. पांढरी. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर एरर लिहितो तिथे, एकच लाल ओळ: "सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम." पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उकड अजून गरम होती.

झालं होतं असं. रकमेत आपले लाखाचे स्वल्पविराम घालायला, म्हणजे 1234567 चं 12,34,567 करायला, कोणीतरी नेटवरून एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायची सूत्रासारखी ओळ) उचललं होतं. त्यात लुकबिहाइंड होतं, म्हणजे आधी काय आहे ते मागे वळून बघणारा तुकडा. क्रोमला ते 2017 पासून कळतं, सफारीला कळायला 16.4 उजाडलं, मार्च 2023. जुना सफारी नुसते स्वल्पविराम चुकवत नाही. त्याला फाइल वाचतानाच तो तुकडा कळत नाही, म्हणून तो अख्खी फाइल टाकून देतो. आमचं सगळं ॲप त्या एका फाइलमध्ये. बाबेल (नवा कोड जुन्या ब्राउझरसाठी बदलून देणारं टूल) अशा वेळी वाचवत नाही, लुकबिहाइंडचं जुनं रूपांतर त्याला करता येत नाही. आणि हे सगळं कशासाठी? जावास्क्रिप्टमधल्याच टू-लोकेल-स्ट्रिंगला 'ईएन-आयएन' (भारतीय इंग्रजी) दिलं की स्वल्पविराम आपोआप पडतात.

मी लीडला फोन लावला. मागे आरती चालू. तो म्हणाला, "माझ्या आयफोनवर चालतंय." चालणारच. त्याचा 14, आयओएस 16.6. डेव्हलपर म्हणाला, "क्रोममध्ये आयफोन मोड लावून बघितलं होतं." त्या मोडमध्ये खिडकी आयफोनएवढी होते, साइटला नाव आयफोनचं सांगितलं जातं, इंजिन मात्र क्रोमचंच राहतं. वाघाचं कातडं पांघरलेली शेळी. आणि रात्रीचा रन? हिरवागार. यादीतला आयफोन नवा होता ना.

संध्याकाळी फिक्स गेला. गुरुवारी कारणमीमांसेची मेल आली: मूळ कारण, "टेस्टिंगमधील त्रुटी". कोणाची त्रुटी, कोणी काय कापलं, एक शब्द नाही. माझी जुलैची सूचना चॅटवर होती आणि ते चॅट 60 दिवसांनी आपोआप पुसलं जायचं. गेलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, क्लाउड की ड्रॉवर याच्या आधी यादी. तुमच्या साइटच्या ॲनालिटिक्समधून गेल्या तीन महिन्यांची व्हर्जन काढा. टक्का बघू नका, आकडा बघा. "दोन टक्के" ऐकलं की मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, "एवढ्या खजिनदार" म्हटलं की गप्प होतात. यादी मेलवर पाठवा, चॅटवर नाही. आणि एखादी ओळ कोणी कापली तर त्याच मेलवर त्याचं उत्तर घ्या: मी कापली, या कारणासाठी. मग पाहा, किती जण ओळ कापतात.

सेलेनियम की प्लेराइट यावर लोक उगाच भांडतात. सेलेनियम 2004 पासून आहे, त्याचं वेबड्रायव्हर (ब्राउझरला हुकूम द्यायची पद्धत) 2018 मध्ये डब्ल्यू3सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालं, मुंबईतल्या सर्व्हिस कंपन्यांत जुना कोड बराचसा त्यातच सापडेल. प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, 2020 चं, लिहायला सुटसुटीत, कारण पान तयार होईपर्यंत वाट बघायचं काम ते स्वतः करतं. नवं प्रोजेक्ट असेल तर तेच घ्या. फक्त त्यातलं वेबकिट म्हणजे मावशीचा आयफोन नव्हे, तो डेस्कटॉपवर चालणारा वेगळा बिल्ड आहे. मोबाइल ॲप असेल तर ॲपियम लागेल, त्याला सेलेनियमची सवय उपयोगी पडते.

कुठलं क्लाउड घ्यायचं ते विचारू नका. ब्राउझरस्टॅक 2011 मध्ये इथे मुंबईत सुरू झालं, आयआयटी बॉम्बेच्या दोघांनी काढलं, त्याचा मला अभिमान आहे. पण अभिमानावर खरेदी करू नका. फुकट ट्रायलमध्ये तुमचाच सगळ्यात रडका टेस्ट चालवून बघा.

आता दोन गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. क्लाउडवरच्या फोनमध्ये सहसा सिम नसतं. ओटीपी येत नाही, टेस्ट सर्व्हरवर ठरावीक ओटीपी ठेवावा लागतो. यूपीआय ॲपची नोंदणी सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवर चालते, त्यामुळे खरं पेमेंट तिथे तपासता येत नाही. त्यासाठी हातात फोन लागतोच, म्हणजे तुमचा मॅनेजर अगदीच चुकीचा नाही. दोन फोन ठेवा, बॅटरीवर लक्ष ठेवा. आणि डेटा सेंटरमधल्या फोनला वायफाय झकास असतं, सहाच्या लोकलमध्ये दाराशी लटकलेल्या माणसाला नसतं. नेटवर्क मुद्दाम हळू करून बघायची सोय असते, ती वापरा.

जुन्या फोनवर पूर्ण 180 टेस्ट चालवायची गरज नव्हती, हे मी जुलैतही म्हटलं होतं. लॉगिन, बिल, पावती अशा मोजून 12 टेस्ट. पुढच्या कंपनीत मी तेच लावलं, रोज रात्री चालतं. तो लीड हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: एका सेशनवर 24 मिनिटं.