पोच्ड एग : अंडं पाण्यात फाटू नये म्हणून

अंडं कवचाबाहेर काढून थेट गरम पाण्यात सोडायचं आणि बलक मऊ ठेवून अख्खं उचलायचं, याबद्दल आलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : अंडं सोडलं की पाण्यात पांढऱ्याच्या चिंध्या होतात, वर फेस येतो आणि हाती जेमतेम बलक लागतो. व्हिनेगर घालूनही फरक पडला नाही. कुठे चुकतं? (वाचक, सांगली)

उत्तर : व्हिनेगरकडे नंतर वळू. आधी अंडं पाहा. बलकाला धरून दाट पांढरं असतं आणि त्याच्या बाहेर पातळ, वाहतं पांढरं. चिंध्या होतात त्या या पातळ भागाच्या. ताज्या अंड्यात तो थोडाच असतो. दिवस जातात तसा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीपणा मोजणारा आकडा) साधारण ७.६ वरून ९ च्या पुढे चढतो आणि दाट पांढरंही सैल पडत जातं. आपल्याकडे दुकानात अंडी बहुधा ट्रेमध्ये उघड्यावरच असतात. उन्हाळ्यात ही झीज फ्रिजच्या तुलनेत कितीतरी वेगाने होते. म्हणून पोच करायची अंडी खप चांगला असलेल्या दुकानातून घ्या आणि घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवा.

घरी पारख करायची तर अंडं पाण्याच्या भांड्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर ते आमलेटला किंवा उकडायला ठेवा. उकडायला थोडं जुनं अंडंच बरं, सोलताना कवच सुटं निघतं. तरंगलं तर वापरू नका.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. मोठ्या तोंडाची, फार बारीक जाळीची नसलेली स्टीलची गाळणी वाटीवर धरा, तिच्यात अंडं फोडा आणि १०-१५ सेकंद हलकेच फिरवा. पातळ पांढरं खाली गळतं, दाट पांढरं आणि बलक वर राहतात. गळलेला भाग चमचा-दीड चमचा असेल तर अंडं चांगलं. अर्धी वाटी भरू लागली तर त्या अंड्याचा नाद सोडा. गाळलेलं अंडं छोट्या वाटीत घ्या आणि वाटीची कड पाण्याला टेकवून आत सरकवा. उंचावरून टाकलं की ते तळावर आपटतं आणि पसरतं.

राहिलं पाणी. पसरट पातेल्यात ७-८ सेंटिमीटर पाणी घ्या. आधण येऊ द्या, मग आच मंद करून खळखळ पूर्ण थांबू द्या. तळाला बारीक बुडबुडे दिसावेत, एखाददुसराच वर यावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ८० ते ८५ अंश सेल्सिअस. पांढरं साधारण ६२ अंशांपासून धरू लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन ८० च्या आसपास घट्ट होतं. बलक ६५ ला दाटतो आणि ७० ला घट्ट होतो. पांढरं बाहेरून नीट शिजावं आणि उष्णता बलकापर्यंत पोचण्याआधी अंडं बाहेर यावं, हा सगळा खेळ आहे. खळखळत्या पाण्यात पांढरं धरण्याआधीच फाटतं.

व्हिनेगरमधल्या आम्लाने पांढरं लवकर धरतं हे खरं, पण वरचा पापुद्रा खडबडीत होतो आणि चवही राहते. अंडं ताजं असेल आणि गाळून घेतलं असेल तर त्याची गरज नाही. अंड्याची खात्री नसेल तर लिटरभर पाण्याला १ मोठा चमचा पांढरं व्हिनेगर पुरे. त्याहून जास्त घालून काही साधत नाही.

प्रश्न : पाण्यात भोवरा करून त्यात अंडं सोडायचं असतं ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : एकच अंडं करायचं असेल तर करा, पांढरं बलकाभोवती गुंडाळलं जातं. दोन अंड्यांना भोवरा उपयोगाचा नाही, ती एकमेकांवर आदळतात. गाळलेल्या अंड्याला भोवरा लागतच नाही.

प्रश्न : बलक कधी वाहतो, कधी पूर्ण घट्ट होतो. नेमकी वेळ किती? तळाला चिकटू नये म्हणून काय करावं? (वाचक, नाशिक)

उत्तर : ५५ ग्रॅमच्या आसपासचं, फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेलं अंडं ३ मिनिटांत मऊ पांढरं आणि वाहता बलक देतं. ४ मिनिटांत बलक कडेने दाटतो, ६ मिनिटांत बहुधा पूर्ण घट्ट होतो. थेट फ्रिजमधलं असेल तर अर्धं मिनिट वाढवा. गावरान अंडं लहान असतं, त्याला अर्धं मिनिट कमी द्या. घड्याळापेक्षाही बोट विश्वासाचं : झाऱ्यावर अंडं उचलून बलकालगतचं पांढरं हलकेच दाबा. ते लिबलिबीत लागलं तर परत पाण्यात सोडा.

चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा पाणी पुरेसं गरम नसणं किंवा उथळ असणं हे असतं. साधारण एक मिनिट झाल्यावर झाऱ्याची कड अंड्याखालून अलगद फिरवा. त्याआधी हात लावू नका.

बाहेर काढलं की झारा घडी घातलेल्या स्वच्छ कापडावर काही क्षण टेकवा. हे टाळलं की टोस्ट ओला होतो. मीठ-मिरी वाढताना घाला. टोस्टच हवा असं नाही. मटकीच्या कोरड्या उसळीवर किंवा परतलेल्या पालकावर वाहता बलक फार छान लागतो.

प्रश्न : आमच्याकडे अंड्याच्या कालवणात अंडी उकडून न घालता रश्शातच फोडतात. कधी अंडी अख्खी राहतात, कधी सगळा रस्सा गढूळ होतो. असं का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमचं कालवण म्हणजे पोच्ड एगच आहे, फक्त पाण्याऐवजी रस्सा. आणि आमच्या मते घरच्या स्वयंपाकात हीच पद्धत जास्त गुणाची : कोकम, चिंच किंवा टोमॅटोचं आम्ल रश्शात असतंच, त्यामुळे वेगळं व्हिनेगर लागत नाही, आणि वाटणाच्या दाटपणाने अंडं पसरतही नाही.

गढूळ होण्याची कारणं तीच, जुनं अंडं आणि जोराची उकळी. त्यात तिसरं म्हणजे घाईने फिरवलेली पळी. रस्सा आधी पूर्ण शिजवा, वाटणाचा कच्चा वास जाऊ द्या, मीठ-आंबट चाखून बरोबर करा. अंडी घातल्यावर ढवळता येणार नाही, म्हणून चवीची दुरुस्ती आधीच. रस्सा किमान ५ सेंटिमीटर खोल असावा. फार दाट असेल तर गरम पाणी घालून सैल करा, नाहीतर तळाला लागतो. २४ सेंटिमीटरच्या पसरट भांड्यात ४ अंडी, त्याहून जास्त नाही. आच मंद करा, पळीच्या पाठीने रश्शात खळगा करा आणि वाटीतलं अंडं त्यात सरकवा. चारही अंडी वेगवेगळ्या जागी घालून झाली की झाकण ठेवा. रश्शाबाहेर राहिलेला वरचा भाग वाफेवर शिजतो. ५ मिनिटांत पांढरं धरतं, घट्ट बलक हवा असेल तर ७-८ मिनिटं. तोवर पळी घालायची नाही, भांडं कान धरून थोडं हलवलं तर चालेल.

नारळाचं दूध घालत असाल तर पातळ दुधात अंडी शिजवा आणि घट्ट दूध शेवटी, आच बंद करताना कडेने सोडा. घट्ट दूध उकळलं की फुटतं. अंडी बाहेर काढायला खोलगट पळी घ्या, झाऱ्यावर बलक दबतो.

प्रश्न : आठ जणांना एकदम गरम कसं वाढायचं? (वाचक, पुणे)

उत्तर : आदल्या दिवशी करून ठेवा. प्रत्येक अंडं अडीच ते ३ मिनिटं शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात सोडा. गार झाल्यावर थंड पाण्यासकट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. वाढताना ६०-६५ अंशांच्या, म्हणजे बोट जेमतेम टेकवून काढता येईल इतक्या गरम पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवा. एका वेळी ४ अंडी शिजवताना ती १५-१५ सेकंदांनी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सोडा आणि त्याच क्रमाने काढा.

प्रश्न : सून गरोदर आहे. तिला वाहत्या बलकाचं अंडं द्यावं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नको. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते, आणि ताजं अंडं म्हणजे निर्जंतुक अंडं नव्हे. गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले यांना पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट झालेलं अंडं द्या. तडकलेलं अंडं पोच करायला वापरू नका. अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, ओल्या कवचातून जंतू आत जायला वाट मिळते. कच्च्या अंड्याला लागलेले हात मात्र साबणाने धुवा.

प्रश्न : पोचरचं खास भांडं घ्यावं का? इडलीपात्र चालेल? (वाचक, इंदूर)

उत्तर : वाट्यांच्या पोचरमध्ये अंडं पाण्यात शिजत नाही, वाफेवर शिजतं. पांढरं गुळगुळीत पण किंचित रबरासारखं होतं. तेवढ्यासाठी वेगळं भांडं घेऊ नका, इडलीपात्र तेच काम करतं. साचे खोल असतील तरच घ्या. त्यांना तेल किंवा तूप नीट चोळा, विशेषतः कडेला. पात्रातलं पाणी उकळल्यावरच अंडी फोडून साच्यात घाला. वरचा थर रिकामा ठेवा, नाहीतर त्याचं पाणी खालच्या अंड्यांवर ठिबकतं. मध्यम आचेवर ४-५ मिनिटांनी पाहा. झाकणाला आतून कापड बांधलं तर वाफेचे थेंब अंड्यावर पडत नाहीत. साचा आधी मिनिटभर बाहेर ठेवा, मग चमच्याने कडा सोडवा.